झरोका उघडा, पट्ट्या शाबूत

१. ताबा यादी

बेकरीत काम करणारी मुलगी मंगळवारी दुपारी बाथरूममध्ये मेलेली सापडली. वय एकोणीस. दाराला आतून कडी होती, गरम पाणी वाहत होतं आणि गॅसचा गिझर जळत होता. दार फोडलं तेव्हा वाफेचा लोट बाहेर आला. तिच्या केसांत अजून थोडं पीठ होतं.

दार फोडणारी माझी भाची, माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी. दोघींनी मिळून त्या दोन खोल्या पाच आठवड्यांपूर्वी भाड्याने घेतल्या होत्या. घर सोडून राहायची दोघींचीही पहिलीच वेळ. भाची छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला होती. त्या मुलीला ती पिठी म्हणायची.

बुधवारी सकाळी भाची माझ्या दुकानात आली. मी काचा कापून देतो, आरसे विकतो. तेव्हा मी एका कापलेल्या काचेच्या कडेला लाल मेणखडूने ऑर्डरचा नंबर घालत होतो. वर बघितलं तर तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला.

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, ते म्हणतात मी मारलं तिला."

"कोण म्हणतं?"

"सगळे. घरमालकीणबाई, दलाल, पोलीस. म्हणतात, झरोका आम्ही बंद केला."

गॅसच्या गिझरला हवा लागते. हवा नसली की त्याच्या जळण्यातून विषारी वायू होतो. त्याला वास नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो बसल्या जागी संपतो. त्या बाथरूममध्ये वर एक झरोका होता, तीन तिरक्या पट्ट्यांचा, याच कामासाठी. त्याच्या चौकटीत कोणीतरी आतून दाणेदार काच बसवली होती. हवा बंद.

भाचीने पिशवीतून कागद काढले. भाडेकरार, आणि त्याला जोडलेली ताबा यादी. घर ताब्यात देताना आत काय आहे, कशा अवस्थेत आहे, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. पंधरा ओळी होत्या. अकरावी ओळ अशी: "बाथरूम: झरोका उघडा, पट्ट्या शाबूत." शेवटी भाचीची सही.

"तू बघितलास का उघडा?"

"मी काहीच नाही बघितलं काका. दलाल म्हणाला, इथे सही, इथे सही, इथे सही. मी करत गेले. मला वाटलं ती साधी खिडकीची काच आहे. पिठीलाही तेच वाटलं."

तिची मावशी, म्हणजे माझी बायको, एकोणीस वर्षं तरुण मुलांच्या मदत केंद्रात काउंटरवर बसली. घर सोडून निघालेल्या मुलांना भाड्याचे शब्द समजावून सांगायचं तिचं काम. डिपॉझिट म्हणजे काय, नोटीस म्हणजे काय, घर कधी सोडता येतं, कधी नाही. शेकडो मुलांना तिने सांगितलं असेल. आणि तिची स्वतःची भाची न वाचता सही करून आली होती, कारण मावशी तीन महिन्यांपूर्वी वारली.

"शनिवारी कागद वर जाणार आहेत," भाची म्हणाली. "निष्काळजीपणाने मृत्यू. त्यात माझं नाव असणार. पोलीस अधिकारी बाई म्हणाल्या, तोपर्यंत काही आठवलं तर सांग."

"काय आठवतं तुला?"

ती म्हणाली, "आमचे टॉवेल कधी वाळायचे नाहीत. पहिल्या दिवसापासून. आणि अंघोळ झाली की दोघींची डोकी दुखायची."

२. जामीनदार

हिची, म्हणजे माझ्या बायकोची, एक वही आहे. मुलांना सांगायच्या गोष्टी तिने त्यात लिहून ठेवल्या होत्या. त्या दिवशी मी ती कपाटातून काढली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ताबा यादीच्या पानावर असं होतं:

"आंधळ्यासारखी सही करू नका. एकेका ओळीला हात लावून बघा. नळ सोडा. दिवा लावा. कड्या लावा. आरशात तोंड बघा. नसलेली वस्तू असलेली दाखवली असेल तर तिथेच खोडा."

त्याच्या पुढच्या पानावर: "जामीनदार म्हणजे शोभेचा पाहुणा नव्हे. भाडेकरूचं काही चुकलं तर त्याच्या दारात जाणारा माणूस आधी जामीनदाराच्या दारात जाईल. त्यानेही वाचायचं."

भाचीच्या करारावर जामीनदार मी होतो. मीही वाचलं नव्हतं. तेव्हा माझ्यासमोर कोणताही कागद ठेवला असता तरी मी सही केली असती.

दलालाचं नावही करारावर होतं. त्याला मी ओळखत होतो. हिचं आणि त्याचं नेहमी वाजायचं. "हा माणूस साबणासारखा आहे, हातात म्हणून येत नाही," असं ही म्हणायची. तरीपण ही गेल्यावर नवव्या दिवशी, म्हणजे मी पहिल्यांदा दुकान उघडलं त्या दिवशी, तोच एकटा येऊन माझ्याजवळ बसून गेला होता. त्या दिवशी दुसरं कोणी दुकानाची पायरी चढलं नाही. त्यामुळे माझ्या मनात त्याच्याबद्दल राग नव्हता.

दुपारी मी त्या घरी गेलो. खाली घरमालकीणबाई राहतात, वर त्या दोन खोल्या. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. दोन्ही गुडघे गेलेले.

"अहो, मी दोन वर्षांत जिना चढलेली नाही," त्या म्हणाल्या. "किल्ल्या दलालाकडे. भाडं तो आणून देतो, मी मोजून घेते, संपलं. पण रोज सकाळी अंगणातून वर बघते. पट्ट्या दिसतात. उघड्या दिसायच्या."

"काच आतून आहे, बाई. अंगणातून पट्ट्याच दिसणार."

"मग मी काय करू? त्या पोरींनी थंडी वाजते म्हणून लावली असेल. आजकालच्या मुलींना जरा गार लागलं की झालं." मग त्यांचा आवाज बदलला. "ती दुसरी, ती मेली ती... सकाळी माझ्या दारात पाव ठेवून जायची. कालचा उरलेला. मी म्हणायचे, कशाला गं. म्हणायची, आजी, बेकरीत टाकून देतात, तुम्ही तरी खा."

त्यांनी पदराने नाक पुसलं. मी वर गेलो.

वर पिठीचे वडील होते. मुलीचे कपडे पिशवीत भरत होते. घडी करून ठेवायचे, मग पुन्हा काढून नीट घडी करायचे. कोपऱ्यात भाची उभी होती. त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "यादीवर सही तुझी आहे ना?"

"हो."

"झरोका उघडा आहे, असं लिहिलंय ना त्यात?"

"हो, पण..."

"मग बंद कोणी केला? मी केला? तिच्या आईने केला?"

भाची मान खाली घालून उभी राहिली. मी बाथरूममध्ये गेलो. वॉशबेसिनच्या वर आरसा होता. चाळीस वर्षांची सवय, आरसा दिसला की मी आधी त्याच्या कडा बघतो. कडा स्वच्छ होत्या, डाग नव्हता. चांगला, नवा आरसा. त्यात माझंच तोंड दिसलं आणि मी नजर काढून वर बघितलं.

झरोक्यातली काच लांबीने बसवली होती. काच चौकटीत धरून ठेवायला आम्ही जो तेलातला मऊ मसाला लावतो, त्याला लांबी म्हणतात. मी बादली उलटी करून तिच्यावर चढलो आणि नखाने दाबून बघितलं. वरची साय कडक झाली होती. नख जोरात रोवलं तेव्हा आत ओलसर लागलं.

पाच आठवड्यांची लांबी इतकी कडक होत नाही, आणि अशा दमट जागी तर नाहीच. ही काच मुली यायच्या आधीपासून तिथे होती.

३. किरकोळ दुरुस्ती

"तुमचं नख म्हणजे पुरावा नाही काका," अधिकारी बाई म्हणाल्या. साधारण चाळिशीच्या असतील. बोलणं तुटक, पण ऐकून घेत होत्या. "तुम्ही मुलीचे नातेवाईक. त्यात जामीनदार. उद्या दुसरा काचवाला येऊन सांगेल, लांबी महिन्याभराची आहे. मी कोणाचं धरू?"

"आणि टॉवेल? दोघींची डोकी दुखायची, ते?"

"तक्रार केली होती का कुठे? लिहून?"

लिहून केली नव्हती. मुलींनी दलालाला तोंडी सांगितलं होतं, वाफ कोंडते म्हणून. तो म्हणाला होता, दार थोडा वेळ उघडं ठेवत जा. हिच्या वहीत एक ओळ मोठ्या अक्षरांत आहे: "तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्याला सांगणं. कागदावर लिहा आणि पोच घ्या."

मी मिस्त्रीकडे गेलो. त्या घराची दुरुस्तीची कामं तोच करतो. आमची जुनी ओळख.

"या, काचवाले," तो म्हणाला. "मला धरायला आलात ना? धरा. दोन दिवस झाले, जो तो माझ्याकडे संशयाने बघतोय. बायकोसुद्धा."

"तू बसवलीस का ती काच?"

"मी बसवली असती तर अशी बसवली असती? पोलिसांनी मला फोटो दाखवला. लांबी काय ती, पोराने चिखल थापावा तशी थापलीय. आणि लांबी कोण लावतं हो आता? मी नळीतलं सिलिकॉन मारतो, दोन मिनिटांत मोकळा. आणि दुसरं म्हणजे काच आणायला मी तुमच्याकडे कशाला येईन? एकदा आलो होतो, तुमच्या बाईंनी माझी उलटतपासणी घेतली. काच कुठे बसणार, किती उंचीवर, घरात लहान मूल आहे का. मी म्हटलं बाई, काच द्या, मुलगी मागायला नाही आलो."

तो हसला, मग एकदम थांबला. "माफ करा. बाई आठवल्या."

"असू दे. पुढे सांग."

"पुढे काय. गिझर मीच साफ केला होता, सात-आठ महिन्यांपूर्वी. तेव्हा झरोका उघडा होता. कबुतरं यायची आत. आधीचा भाडेकरू वैतागला होता. मालकीणबाईंना म्हणत होता, जाळी लावून द्या. दलाल म्हणाला, जाळी म्हणजे किरकोळ दुरुस्ती, ती भाडेकरूने करायची. भाडेकरू म्हणाला, भिंतीतलं काम मालकाचं. त्यातच ते राहिलं."

आधीचा भाडेकरू घड्याळं दुरुस्त करतो. त्याचा पत्ता मिस्त्रीनेच दिला. माणूस सडपातळ, डोळ्याला भिंग लावलेलं, बोलताना ते काढायचं विसरायचा.

"मी सोडलं तेव्हा झरोका उघडा होता," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी कबुतराची घाण पुसून, दाराशी उभं राहून दलालाच्या हातात किल्ली दिली. त्याने वर येऊन बघितलंही नाही. सोडताना यादी तपासायची असते ना? म्हणाला, राहू दे, तुमच्यावर विश्वास आहे."

"यादी आहे तुमच्याकडे?"

त्याने ड्रॉवरमधून काढून दिली. मी ती भाचीच्या यादीशेजारी ठेवली. पंधरा ओळी. त्याच पंधरा. आठव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

"आरसा एक, डाव्या कोपऱ्यात तडा."

दोन्ही याद्यांत तेच होतं. पण बाथरूममधला आरसा मी बघितला होता. त्याला तडा नव्हता.

"तो फुटका आरसा मीच काढून टाकला," घड्याळवाला म्हणाला. "दाढी करताना दोन तोंडं दिसायची. नवा आणून लावला आणि जाताना तिथेच ठेवला. का हो?"

काचेला गेलेला तडा पुन्हा सांधत नाही. दलालाने भाचीसाठी यादी बनवलीच नव्हती. जुनी यादी उतरवून वर नवी तारीख टाकली होती. मग "झरोका उघडा" ही ओळसुद्धा जुनीच. त्या ओळीवरून झरोका पाच आठवड्यांपूर्वी कसा होता हे कळत नव्हतं. तो कधीकाळी उघडा होता, एवढंच कळत होतं.

४. किल्ली

अधिकारी बाईंनी दोन्ही याद्या चारदा वाचल्या.

"यादी खोटी, हे मानलं," त्या म्हणाल्या. "पण यादी खोटी म्हणून मुलगी सुटत नाही. काच कोणी बसवली, ते हवं. मधल्या काळात घर रिकामं किती दिवस होतं?"

"सात आठवडे."

"किल्ली?"

"दलालाकडे. मिस्त्री लागला तर तोही दलालाकडूनच न्यायचा."

त्यांनी दलालाला बोलावून घेतलं. त्याचा शर्ट नेहमीसारखा कडक इस्त्रीचा होता. मला बघून त्याने आधी माझा हात हातात घेतला. "काका, प्रकृती कशी आहे? जेवता ना वेळेवर?"

"यादी जुनी उतरवलीत?" बाईंनी मध्येच विचारलं.

"उतरवली. चुकलंच. पण सगळेच उतरवतात हो बाई. माझ्याकडे तीस घरं आहेत, प्रत्येक वेळी नळ मोजत बसलो तर झालंच. चूक कबूल आहे. पण काच मी कशाला लावू? मला काय मिळणार? घर माझं नाही, बाथरूम माझं नाही. शिवाय मला खिळा मारता येत नाही, विचारा कोणालाही."

"वाफ कोंडते म्हणून मुलींनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मुली रोज काहीतरी सांगतात. कडी घट्ट आहे, नळ थेंब थेंब गळतो. लेकी पहिल्यांदा घराबाहेर पडल्या की त्यांना आईची आठवण येते, आणि ऐकतो मी." तो माझ्याकडे वळला. "काकूंना माहीत होतं. त्या भांडायच्या माझ्याशी, पण मान द्यायच्या."

ही त्याला मान देत नव्हती. पण मी त्याला खोटं पाडलं नाही. त्या नवव्या दिवसाचं मला अजून बरं वाटत होतं.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या शुक्रवार. काच काढायची आहे, पुरावा म्हणून. माझा माणूस हातोडीने काढेल आणि तुकडे करेल. तुम्ही काढाल का? मी समोर उभी राहते."

५. काच निघाली

लांबी कापायला अर्धा तास लागला. सुरीचं टोक कडेने फिरवत गेलो, तुकडे खाली वर्तमानपत्रावर पडत गेले. मिस्त्री म्हणाला ते खरं होतं. हे कारागिराचं काम नव्हतं. एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला नावाला. पण काच मात्र चौकटीत बरोबर बसली होती. चारही बाजूंना सारखी फट. कापणाऱ्याचा हात चांगला होता.

काच सुटली तसा झरोक्यातून वारा आत आला. खाली कुठेतरी कबुतर घुमलं. दारात भाची उभी होती. ती भिंतीला टेकली आणि खाली बसली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "एवढंच होतं काका?"

मी काच उजेडात धरली. दाणेदार, चौदा इंच बाय अकरा. खालच्या कडेला लांबीचा एक पापुद्रा चिकटलेला होता. तो अंगठ्याने काढला. आत लाल मेणखडूचा आकडा होता. लांबीखाली झाकला गेल्यामुळे पुसला गेला नव्हता.

चारशे बारा.

चारचं वरचं तोंड उघडं, एकाला टोपी, दोनची शेपटी लांब. असा आकडा या गावात एकच माणूस काढतो.

"काय आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मला दुकानात जाऊन एक वही बघायची आहे," मी म्हणालो.

६. कुठे बसणार

बाई माझ्याबरोबर आल्या. मी दुकानाचं शटर वर केलं आणि ऑर्डरची वही काढली.

या वहीत पाच रकाने आहेत. नंबर, तारीख, माप, गिऱ्हाईक, आणि पाचवा हिने आखलेला: "कुठे बसणार". बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडून फोटोला लावायची पातळ काच एकाने नेली आणि घराच्या दाराला बसवली. त्याच्या मुलाचा हात त्यातून आरपार गेला. हात वाचला, पण तीन बोटं वळेनाशी झाली. त्या दिवशी हिने पट्टी घेऊन सगळ्या पानांवर पाचवी रेघ मारली आणि म्हणाली, "काच कापायची हिरकणी हातात घ्यायच्या आधी हे विचारायचं. मग कापायचं." नवी वही आली की आधी ती रेघ. मी विसरलो तर ही आतून ओरडायची, "कुठे बसणार ते विचारलंत का?"

बाथरूमचा झरोका बंद करायला मी कधीही काच दिलेली नाही. गिझर आहे का, विचारतो. आहे म्हटलं की नाही म्हणतो, जाळी लावा म्हणतो.

मी पानं उलटत गेलो. ही गेली त्या तारखेनंतर आठ दिवस कोरे होते. मग एक ओळ होती.

चारशे बारा. तारीख. चौदा बाय अकरा, दाणेदार. गिऱ्हाईक: कोरं. कुठे बसणार: कोरं.

नववा दिवस.

"नाव नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. त्या दिवशी मी नाव लिहिलं नाही, काही विचारलंही नाही. पण त्या दिवशी दुकानात एकच माणूस आला होता, आणि त्या दिवसाची ऑर्डर एकच आहे."

मग मला सगळं दिसायला लागलं. तो स्टुलावर बसला होता. म्हणाला, काकूंसारखी बाई होणे नाही. मी रडलो. त्याने पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, आलोच आहे तर एक छोटीशी काच द्याल का, आणि थोडी लांबी. मापाची चिठ्ठी त्याच्या खिशात तयार होती. मी डोळे पुसत काच कापली. हात आपोआप चालला. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती काखेत धरून तो पायऱ्या उतरला, आणि मी मनात म्हणालो, चांगला माणूस आहे.

७. नोटीस

दलालाच्या ऑफिसात दोन खुर्च्या होत्या. एकीवर अधिकारी बाई बसल्या, मी उभा राहिलो. वही त्याच्या टेबलावर उघडून ठेवली. त्याने वाचली आणि हसला.

"काका, यात माझं नाव कुठे आहे?"

"नाही."

"मग? नऊ दिवसांपूर्वी बायको गेलेला माणूस. त्याला कोण आलं, कोण गेलं, काय आठवणार? मी भेटायला आलो होतो. भेटायला येणं हा गुन्हा झाला का आता?"

"चौदा बाय अकरा," मी म्हणालो. "हे माप झरोक्याच्या चौकटीचं आहे. घड्याळवाल्याने किल्ली तुमच्या हातात दिली, त्यानंतरची ही तारीख. मुलींना किल्ली तुम्ही दिली, त्याच्या आधीची. मधले सात आठवडे किल्ली तुमच्याजवळ. मिस्त्री सिलिकॉन वापरतो. मालकीणबाईंना जिना चढवत नाही. लांबी अशा माणसाने लावलीय ज्याला खिळा मारता येत नाही. हे तुम्हीच सांगितलंत."

त्याने वही माझ्याकडे सरकवली.

"आणि माझा माणूस," बाई म्हणाल्या, "सध्या तुमच्या गोडाऊनमध्ये आहे. लांबीचा उरलेला डबा अजून वाळला नसेल, तर बरं."

त्याने खिडकीकडे बघितलं. मग शर्टाची बाही उगीचच सरळ केली.

"कबुतरं येत होती," तो म्हणाला. "घर दाखवायला नेलं की बाथरूममध्ये घाण. प्रत्येक जण तोंड वाकडं करून जायचा. घर रिकामं पडून राहिलं असतं. मालकीणबाई म्हणत होत्या, दुसरा दलाल बघते. मी काच लावली, एवढंच. गिझरचं डोक्यातच आलं नाही. आईशप्पथ नाही आलं."

"मुलींनी वाफेचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा आलं. वाटलं, उद्या जाऊन काढू. मग वाटलं, काढली तर कबुतरं येतील, मुली नोटीस देऊन घर सोडतील."

"आणि ती मेल्यावर पहिल्या तासात यादी आणून पोलिसांना दिलीत," बाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"काका, तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत ना, कुठे बसणार म्हणून, तर मी खरं सांगितलं असतं. खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं. आणि तुम्ही काच दिली नसतीत. मला माहीत आहे. काकूंनी एकदा एका दाराच्या काचेवरून मलाच परत पाठवलं होतं."

८. सही

शनिवारी सकाळी माझा जबाब टाइप होऊन आला. दोन पानं. अधिकारी बाईंनी पेन पुढे केलं. "इथे, आणि इथे."

मी चष्मा लावला आणि वाचायला बसलो. एकेका ओळीखाली बोट ठेवून. तारीख बघितली, माप बघितलं, आकडा बघितला. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. भाची शेजारी बसली होती. तिचं नाव आता कागदांत फक्त साक्षीदार म्हणून होतं. तीही माझ्याबरोबर वाचत होती, ओठ हलवत.

शेवटपर्यंत गेलो आणि पेन खाली ठेवलं.

"एक ओळ राहिली आहे," मी म्हणालो.

"कोणती?"

"काच कुठे बसणार हे मी विचारलं नाही, ही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "ती मी मुद्दाम नाही घातली. गरज नाही तिची. ती आली तर त्याचा वकील तुमच्या मागे लागेल. पेपरात दुकानाचं नाव येईल."

"मी तोंडी सांगितलं होतं तुम्हाला. कागदावर नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागद परत नेला. वीस मिनिटांनी नवीन आणला. ती ओळ होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सही केली.

बाहेर बाकावर पिठीचे वडील बसले होते. पायाशी कपड्यांची पिशवी. भाचीला बघून ते उठले. तिनेच पुढे होऊन त्यांना एक वस्तू दिली. पिठीचा बेकरीतला एप्रन. तिच्याकडे धुवायला राहिला होता, आणि तिने धुतला नव्हता.

त्यांनी तो हातात धरला. मग मला विचारलं, "दलालाने केलं म्हणे."

"हो. झरोका त्याने बंद केला. काच मी कापून दिली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. मी विचारलं नाही."

"विचारलं असतंत तर?"

"दिली नसती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली नाही. तेवढं तरी मला करायला हवं होतं. त्यांच्या बोटांना एप्रनचं पीठ लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मग आता विचारत जा," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले.